चाराचे झाड आणि त्याची जोपासना

बासुंदीत, श्रीखंडात किंवा सणावाराच्या खिरीत चिमटीने मोजून घातली जाणारी चारोळी महाराष्ट्रातील घराघरांत परिचित असली, तरी ज्या फळाची आठळी फोडून ती काढावी लागते ते फळ चाखलेला, किंवा ते ज्यावर लागते ते झाड ओळखू शकणारा मनुष्य पुण्या-मुंबईकडे विरळाच. आणि ज्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या अरण्यप्रदेशात हे फळ ऐन उन्हाळ्यात आठवडी बाजारांतून विकायला येते, तेथील शेतकऱ्यासही हे झाड आपल्या खातेदारीच्या जमिनीत खड्डा खणून, आळे करून, कुंपण घालून लावावे असे सहसा वाटत नाही, कारण जे रानात आपोआप उगवते त्याची लागवड करणे हा त्याच्या दृष्टीने निष्कारण उद्योग आहे. या समजुतीमुळेच चाराच्या झाडाला आजची दुरवस्था प्राप्त झाली आहे, असे माझे मत आहे. रानात ते मुबलक आहे ही गोष्ट आता खरी राहिलेली नाही. आणि ते आपोआप उगवते ही गोष्ट तर पूर्णांशाने कधीच खरी नव्हती.

या भागात झाडाला आणि फळालाही चार म्हणतात व आठळीतील गराला चारोळी. संस्कृत वाङ्मयातला प्रियाल तो हाच. वाल्मीकींनी चित्रकूटाच्या वर्णनात आंबा, जांभूळ, फणस व धावडा यांच्या पंक्तीत त्याला बसविले आहे. चरकाने श्रम हरण करणाऱ्या दहा द्रव्यांत द्राक्ष, खजूर, बोर, डाळिंब यांच्याबरोबर त्याची गणना केली आहे. आणि कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात, अकाली अवतरलेल्या वसंताचे वर्णन करताना, प्रियालाच्या मंजिऱ्यांतील परागकण डोळ्यांत गेल्यामुळे दृष्टी अडखळलेली हरणे कालिदासाने दाखविली आहेत. यातील काव्य बाजूला ठेवले तरी निरीक्षण म्हणून ते चोख आहे, कारण चाराला मोहोर येतो तो जानेवारीपासून मार्चपर्यंत, म्हणजे शिशिर ओसरून वसंत लागण्याच्या संधिकाळात, आणि बारीक, हिरवट पांढऱ्या फुलांचे त्याचे तुरे फांद्यांच्या शेंड्यांवर इतके दाट असतात की त्यांवर मधमाश्यांची अखंड वर्दळ चालू राहते.

आधुनिक वनस्पतिशास्त्राने या वृक्षाच्या प्रजातीस बुखनानिया हे नाव दिले आहे, ते फ्रान्सिस बुखॅनन या स्कॉटिश वैद्याच्या सन्मानार्थ. टिपूच्या पाडावानंतर कंपनी सरकारच्या हुकमावरून म्हैसूर मुलखाची पाहणी करून तिचा विस्तृत अहवाल लिहिणारा तो हाच गृहस्थ. या वृक्षाचे गणगोत थोर आहे. आंबा, काजू व पिस्ता ही त्याची भावंडे. शिवाय ज्याचा चीक अंगावर उडाला असता फोड येतात तो रानातला बिब्बाही त्याच कुळातला. झाडाची उंची सामान्यतः दहा ते पंधरा मीटर, पाने जाड, चिवट व लांबट, आणि साल काळपट करड्या रंगाची, चौकोनी खवल्यांत भेगाळलेली, मगरीच्या पाठीसारखी. नवख्या माणसाने मात्र केवळ सालीवरून झाड ओळखण्याचा हट्ट धरू नये, कारण त्याच रानात उभ्या असलेल्या येनाची सालही जवळजवळ अशीच असते, आणि टेंभुर्णीचीही फारशी वेगळी नसते. फळ गोलसर, सुमारे एक सेंटीमीटर व्यासाचे. आधी हिरवे, मग जांभळट आणि पूर्ण पक्व झाल्यावर काळे. त्याचा गर पातळ, गोड व किंचित आंबट असतो, आणि त्याच्या आत अत्यंत कठीण कवचाची एकच बी असते. या कवचातील गरात निम्म्याहून अधिक तेल आणि सुमारे एक पंचमांश प्रथिने असतात. चारोळीची महती आणि तिची खवट होण्याची खोड, या दोहोंचे मूळ या तेलात आहे.

आता ज्या मुलखात हे झाड स्वभावतः वाढते त्याची प्रकृती पाहू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा हा विस्तीर्ण प्रदेश एकाच जिल्ह्याच्या अमलाखाली होता, व त्या जिल्ह्याचे जुने नाव चांदा. येथे पावसाळ्यात हजार-बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पूर्वेकडे त्याहूनही जास्त. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. आणि एकट्या गडचिरोली जिल्ह्याचे सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे. या प्रदेशात जमिनीचे दोन ठळक भाग पडतात. सखल भागात तलावांच्या खाली धानाच्या बांध्या, आणि त्यांच्या वर, टेकड्यांच्या उतारांवर, मुरमाड, तांबूस, पाणी न धरणारी बरड जमीन. चाराने आपली निवड फार पूर्वी केलेली आहे. साग, धावडा, टेंभुर्णी, मोह यांच्या सहवासात तो या बरड उतारांवर उभा राहतो, खोल मुळे सोडतो, वैशाखातले ऊन सोसतो. परंतु मुळांशी पाणी तुंबलेले त्याला मुळीच सोसत नाही. म्हणून धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर चाराची रोपे लावून ती दुसऱ्या पावसाळ्यात मेल्याबद्दल नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. ज्या जमिनीत दुसरे काही धड पिकत नाही अशी जी बरड पट्टी बहुतेकांच्या वाट्याला आलेली असते, ती या झाडासाठी राखावी.

लागवडीच्या तपशिलात शिरण्यापूर्वी आणखी एका गोष्टीचा उलगडा करणे अवश्य आहे, कारण चाराचा प्रश्न जितका खतपाण्याचा आहे तितकाच, किंबहुना अधिक, तो हक्काचा आहे. मध्य प्रांतातील जुन्या मालगुजारी व्यवस्थेत गावातील झाडांवर कोणाचा काय हक्क, मोहफुले कोणी वेचावी, सरपण कोणी न्यावे, यांविषयीचा रिवाज वाजिब-उल-अर्ज या कागदात नमूद केला जाई. १९५१ साली मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली तेव्हा हे हक्क निस्तार या नावाने महसुली दप्तरात उतरले, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्यातही निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दोन्ही संज्ञा आजतागायत टिकून आहेत. दुसरीकडे राखीव जंगलांवर वनखात्याचा अंमल बसला, आणि तेथील फळ वेचण्यास मुभा असली तरी झाड राखण्याचा अधिकार व जबाबदारी वेचणाऱ्याकडे राहिली नाही. परिणाम असा झाला की चाराचे फळ सर्वांचे झाले आणि झाड कोणाचेच राहिले नाही. त्यात व्यापाराची रीत अशी की दुर्गम पाड्यावरच्या माणसाला मालाची बाजारातली किंमत कळूच नये; इंद्रावतीपलीकडच्या बस्तरात मिठाच्या बदल्यात चारोळी देण्या-घेण्याच्या ज्या कथा आजही सांगितल्या जातात, त्या ऐकताना आपल्या बाजूचा किनारा यापासून फार निराळा होता असे समजण्याचे कारण नाही.

ज्या झाडाला धनी नाही त्याचे फळ पिकेपर्यंत थांबणे हे वेचणाऱ्याला परवडत नाही. सगळ्या अनर्थाची कळ येथे आहे. चाराची फळे एकाच वेळी पिकत नाहीत. एकाच झाडावर ती दोन-तीन आठवडे टप्प्याटप्प्याने काळी होत जातात, आणि आठळीतील गर पूर्ण भरून तेलाने घट्ट होतो तो अगदी अखेरच्या दिवसांत. परंतु आज आपण फळ सोडले तर उद्या दुसरा कोणी ते नेईल ही भीती सर्वांनाच सारखी असल्यामुळे, प्रत्येकजण दुसऱ्याच्या आधी एक दिवस जाऊ पाहतो, आणि असे करता करता तोडणीचा हंगाम वैशाखातून चैत्रात सरकतो. अशा हिरव्या फळाची चारोळी वाळल्यावर सुरकुतते, वजनाला उणी भरते आणि लवकर बिघडते. व्यापारी तिला कमी भाव देतो. कमी भावाची भरपाई करण्यासाठी अधिक फळ तोडावे लागते. आणि अधिक फळ लवकर हाती यावे म्हणून कुऱ्हाडीने फांदीच खाली आणली जाते. चाराचा मोहोर फांद्यांच्या शेंड्यांकडे येत असल्याने, एक फांदी तोडणारा मनुष्य या वर्षीच्या चार मुठी फळासाठी त्या फांदीची पुढची कित्येक वर्षांची उपज बुडवितो. घाई करणाऱ्याला मूर्ख म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते, कारण त्याच्या परिस्थितीत घाई हाच शहाणपणा आहे. दोष आहे तो परिस्थितीत.

याचा दुसरा परिणाम डोळ्यांना चटकन दिसत नाही. सगळे फळ कच्चेच उतरविले गेले म्हणजे पक्व बी जमिनीवर पडत नाही, आणि अस्वल, धनेश, बुलबुल इत्यादी जे प्राणी व पक्षी हे फळ खाऊन त्याच्या बिया दूरवर नेऊन टाकीत त्यांच्याही वाट्याला काही उरत नाही. जे थोडे रोप उगवते ते गुरांच्या तोंडून वाचले तर वणव्यात सापडते; मोहफुले वेचायला जमीन स्वच्छ व्हावी म्हणून, किंवा टेंभुर्णीला, म्हणजेच तेंदूला, कोवळी पाने फुटावी म्हणून, फाल्गुन-चैत्रात लावलेली आग अशा रोपांवरून फिरते. मुळांतून फुटवे सोडण्याची शक्ती चाराला आहे खरी, व तिच्याच बळावर तो अनेक ठिकाणी तग धरून राहिला आहे; परंतु फुटवा म्हणजे जुन्याच झाडाची लांबलेली घटका होय, त्यातून नवे रान उभे राहत नाही. म्हणूनच एखाद्या रानात जुनी, जाड बुंध्याची पुष्कळ झाडे दिसली तर तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. मनगटाएवढ्या जाडीची किती आहेत ते पाहावे.

तेव्हा लागवड. तिचा आरंभ बियांपासून करावयाचा, आणि पहिली अडचण तेथेच उभी राहते. चाराचे कवच इतके कठीण असते की ते आपणहून दुभंगून अंकुर बाहेर येण्यास फार विलंब लागतो, व तोवर आतल्या तेलकट गराला बुरशी लागते किंवा त्याची उगवणशक्ती नाहीशी होते. म्हणून केवळ बी पेरून स्वस्थ बसणाऱ्याच्या पदरी शेकड्यात मोजकीच रोपे पडतात. उपाय जुना व सोपा आहे. झाडावर पूर्ण काळी झालेली फळे घ्यावी, गर चोळून धुऊन काढावा, पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ बिया टाकून द्याव्या, बुडालेल्या बिया सावलीत सुकवाव्या, आणि मग एकेक बी दगडावर उभी धरून लहान हातोडीने अशी ठोकावी की कवचाला चीर पडेल पण गराला इजा होणार नाही. हे काम नाजूक आहे आणि घाईचे नाही. घरातील म्हातारी माणसे ते तरुणांपेक्षा चांगले करतात. चीर पाडलेले बी दिवसभर पाण्यात भिजवून लगेच पेरावे. काही रोपवाटिकांत जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बी भिजवितात व त्याने उगवण वाढते, परंतु खेडेगावी चीर आणि पाणी एवढ्यावर काम भागते. साठवलेल्या गतवर्षीच्या बियांवर विसंबू नये.

चाराचे सोटमूळ पहिल्याच वर्षी खोल जाते, व ते दुखावले तर रोप पुन्हा उभारी धरीत नाही. वाफ्यात रोपे करून ती उपटून लावण्याची पद्धत, जी आपण वांग्या-मिरचीला सर्रास वापरतो, ती येथे घातक ठरते. बी उंच पिशवीत पेरावे, किंवा त्याहून बरे म्हणजे जेथे झाड हवे आहे त्याच खड्ड्यात मृगाच्या पहिल्या पावसानंतर दोन-तीन बिया टोचाव्या आणि त्यांतील एक जोमदार रोप राखावे. पिशव्यांच्या मिश्रणात वाळू भरपूर असावी. चिकण मातीत पाणी साचून कोवळी रोपे बुडाशी कुजतात.

बियांपासून केलेल्या झाडाला फळ येण्यास आठ-दहा वर्षे लागतात, आणि ते आपल्या आईच्या गुणांचे होईलच याची हमी नसते, कारण चाराच्या झाडाझाडांत फळाचा आकार, गराची गोडी व चारोळीचे प्रमाण यांत मोठा फरक आढळतो. यावर कलम हाच इलाज. आंब्याचेच कूळ असल्यामुळे आंब्याला मानवणारे मृदुकाष्ठ कलम चारालाही मानवते. आठ-दहा महिन्यांचे खुंटरोप घ्यावे; निवडलेल्या मातृवृक्षावरील तीन-चार महिन्यांच्या काडीची पाने आठवडाभर आधी देठ ठेवून कापून टाकावी, म्हणजे डोळे फुगतात; मग काडीला पाचरीचा आकार देऊन ती खुंटाच्या चिरेत बसवावी, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी व वरून पातळ पिशवीची टोपी घालावी. जून-जुलैची दमट हवा या कामास उत्तम. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूर येथील केंद्रीय उद्यानविद्या प्रयोगकेंद्राने या फळावर दीर्घकाळ काम केले असून कोरडवाहू जमिनीसाठी थार प्रिया नावाचे वाण निवडून काढले आहे. ते आणून पाहण्यास हरकत नाही. परंतु माझा कल निराळा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत शेकडो वर्षांच्या निवडीतून टिकून राहिलेली अशी झाडे आहेत की ज्यांची फळे मोठी, गोडी अधिक आणि उपज दरसाल खात्रीची असते, व अशी झाडे वेचायला जाणाऱ्या बायांना नेमकी ठाऊक असतात. कोणत्या टेकडीवरच्या कोणत्या झाडाची चारे आधी संपतात, हे त्यांना विचारावे आणि त्या झाडाच्या काड्या आणाव्या. सिंदेवाही व सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रांनी या माहितीची रीतसर नोंद करून गावोगावच्या उत्तम झाडांची कलमे बांधण्याचे काम हाती घेतले, तर ते परगावचे वाण वाटण्यापेक्षा अधिक मोलाचे होईल.

लावणीसाठी आठ मीटर अंतरावर, दोन-अडीच फूट लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे उन्हाळ्यातच खणून उन्हात तापू द्यावे व पावसापूर्वी शेणखत आणि वरची माती यांनी भरावे. रासायनिक खताची या झाडाला ओढ नाही. त्याला हवे असते ते पहिल्या दोन-तीन वर्षांत गुरांपासून संरक्षण, पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांनी घागरभर पाणी, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन, आणि शेताच्या रानाकडच्या बाजूने माघ संपण्यापूर्वी झाडून-जाळून स्वच्छ केलेला जाळपट्टा. शेवटची गोष्ट जो विसरेल त्याची चार वर्षांची मेहनत एका दुपारी जाईल. झाडे लहान असेपर्यंत मधल्या जागेत तूर, तीळ, उडीद घ्यावे, म्हणजे जमीन पडीक राहत नाही आणि निंदणाचा खर्चही निघतो. बुंधा कमरेच्या उंचीपर्यंत मोकळा ठेवून वरच्या फांद्या आडव्या पसरू द्याव्या. ज्या झाडावर चढावे लागत नाही त्याची फांदीही तोडावी लागत नाही. त्यानंतर छाटणी म्हणून करावयाची ती फक्त वाळलेल्या व बांडगुळाने धरलेल्या फांद्यांची.

चाराच्या मशागतीत खरे कसब लागते ते तोडणीला. फळ काळे पडून बोटांच्या हलक्या ओढीने देठापासून सुटू लागले म्हणजेच तोडावे. झाडाखाली लुगडी किंवा ताडपत्री अंथरून, बांबूच्या आकडीने फांदी वाकवून, दर चार-पाच दिवसांनी जेवढे पिकले तेवढेच घ्यावे. ज्याचे झाड स्वतःच्या कुंपणात आहे त्यालाच ही चैन परवडते, आणि लागवडीचा मुख्य लाभ मला यात दिसतो. दुसरा लाभ जिवाचा आहे. ताडोब्याच्या आसपासच्या गावांतील माणसे उन्हाळ्यात पहाटेच्या अंधारात मोहफुले, तेंदूपाने व रानफळे वेचायला जातात, आणि त्या वेळी वाघ व अस्वल यांच्याशी गाठ पडून दरवर्षी माणसे मरतात. ज्याची चारे घराच्या परसात किंवा शेतात आहेत त्याला तेवढ्यापुरता तरी हा धोका पत्करावा लागत नाही.

तोडलेली फळे रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गोणपाटावर चोळली की साल व गर सुटतो. धुतलेल्या बिया दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवाव्या व मग पाळू जरा उचलून धरलेल्या जात्यात भरडाव्या, म्हणजे कवच फुटते, गर शाबूत राहतो. सुपाने पाखडून कवच वेगळे करावे. अखंड चारोळीला भाव असतो, तुटकीला नसतो. भरडण्याची लहान यंत्रे आता निघाली आहेत, व पाच-सहा गावांत मिळून एक असे यंत्र बसवणे बचत गटाच्या आवाक्यातले आहे. साधारणतः चार-पाच किलो वाळलेल्या बियांतून एक किलो चारोळी निघते. पावसाळ्याच्या दमट हवेत फोडलेली चारोळी लवकर खवट होते, परंतु कवचातली बी पुष्कळ टिकते. म्हणून ज्याला दिवाळीच्या बाजारासाठी माल थोपवून धरायचा आहे त्याने तो बियांच्याच रूपात कोरड्या जागी ठेवावा व विकण्याच्या बेताने फोडावा. केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची जी योजना सुरू केली तीत चारोळीच्या बियांचा आरंभापासून समावेश असून, २०२० साली हा दर किलोमागे १२६ रुपये ठरविण्यात आला. शहरातील किराणा दुकानात फोडलेल्या चारोळीचा भाव हजाराच्या पुढे आहे. मधले अंतर कोणाच्या खिशात जाते हे निराळे सांगावयास नको. पण भरडणे, पाखडणे आणि निवडणे या तीन कामांपुरते तरी ते गावात राखणे गावाच्या हाती आहे.

शेतात किती झाडे लावली तरी रानातल्या झाडांचा विचार सोडून चालणार नाही, कारण ज्याला जमीन नाही त्याचे पीक तेथेच आहे. या बाबतीत गडचिरोली जिल्ह्याने देशाला एक वाट दाखविली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. असे हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते, आणि तेथील ग्रामसभा प्रत्येक निर्णय बहुमताने न करता सर्वसंमतीने करते. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावाला २०१२ साली सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाले, व तेथील ग्रामसभेने तेंदूपानाचा हंगाम, रोख पैशाचा असूनही, घेणे बंद केले. पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि माणसांना व पाखरांना मिळणारे टेंभुर्णीचे फळ नाहीसे होते, असा त्यांचा हिशेब होता. ज्या सभेला एवढा मोठा निर्णय करता येतो तिला चाराच्या तोडणीचा दिवस ठरविणे कठीण नाही. अमुक तिथीपूर्वी कोणी चारे तोडू नयेत, फांदीला कुऱ्हाड लावू नये, आणि प्रत्येक टेकडीवरची काही चांगली झाडे बियांसाठी व पाखरांसाठी मुळीच हात न लावता सोडावी, एवढे तीन ठराव झाले आणि पाळले गेले, तर त्या रानात पुढच्या पिढीचा चार उभा राहू शकेल.

बोर, सीताफळ, आवळा हीदेखील एके काळी माळावरची, फुकटची फळे समजली जात. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना आणली तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याने त्यांना शेतात जागा दिली, आणि आज त्यांना रानफळे म्हणणारा कोणी उरला नाही. चाराला ती जागा अद्याप मिळालेली नाही.

ज्यांच्याकडे बरड जमिनीचा तुकडा आहे त्यांनी या वर्षी वीस-पंचवीस झाडांपासून सुरुवात करावी. पक्व फळे मेच्या मध्यापर्यंत निवडलेल्या झाडांवरून आणावी, बिया धुऊन-सुकवून तयार ठेवाव्या आणि मृगाचा पाऊस पडताच ठोकून, भिजवून जागेवरच टोचाव्या. रोपे हातभर झाली की पुढच्या वर्षीच्या आषाढात त्यांवर कलमे बांधावी, आणि तलाठ्याकडे जाऊन झाडांची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर करवून घ्यावी, म्हणजे उद्या माल बाजारात नेताना तो सरकारी जंगलातला नव्हे हे दाखविण्यास कागद हाताशी राहील.